वाळूचं टेकण

"अडकली!"

उस्ताद पोटावर पडल्या पडल्याच ओरडला आणि रायफलवरचा हात उचलून त्याने हवेत धरला. "मिस्त्री, या इकडे. तुमची लाडकी पुन्हा रुसली."

पत्र्याच्या खोलीच्या दारात बसून मावशी कापडाच्या कडेला टाका घालत होती. तिने सुई तशीच खोचून ठेवली आणि मान वर केली. मिस्त्री, म्हणजे तिचाच मुलगा, पाय ओढत नेमबाजांच्या ओळीकडे निघाला होता. सकाळपासून किती वेळा तो असा गेला आणि आला, याचा हिशोब आता कुणी ठेवत नव्हतं. त्याने रायफल उचलली, खालचं गोळ्यांचं मॅगझिन काढलं, अडकलेली गोळी बोटाने सोडवून उन्हात धरली. गोळीच्या नाकावर चरा पडला होता. सरळ नळीत जायची सोडून ती पुन्हा खालच्या कडेलाच धडकली होती.

"स्प्रिंग नवी टाकली," तो स्वतःशीच म्हणाला. "मॅगझिनचे ओठ सरळ केले. आत धूळ नाही. मग हिला झालंय तरी काय?"

त्याने मॅगझिन भरून परत बसवलं, उभं राहून रायफल खांद्याला लावली आणि समोरच्या मातीच्या बांधावर धाडधाड सगळ्या गोळ्या संपवल्या. एकही अडकली नाही. पाठीमागे कुणीतरी हसलं.

"आता मी," उस्ताद म्हणाला. तो पुन्हा चटईवर आडवा झाला, रायफल पुढच्या वाळूच्या पिशवीवर टेकवली. पहिली गोळी गेली, दुसरी गेली, तिसरीला खट्ट झालं आणि सगळं थांबलं.

"बघा. उभ्याने शहाणी, आडवं पडलं की वेडी."

"तुम्हीच काहीतरी करता," मिस्त्री वैतागून म्हणाला.

"मी करतो? अहो, तुमचं लग्न व्हायच्या आधीपासून मी इथे पोटावर पडतोय. नाचता येईना म्हणून अंगण वाकडं म्हणणाऱ्यातला मी नाही."

हे नेमबाजीचं मैदान गावाबाहेर होतं. गोदामांवर, कारखान्यांवर पहारा देणाऱ्या लोकांना इथे येऊन नेमबाजीची परीक्षा द्यावी लागे. पास झाला तर नोकरी टिकायची, नापास झाला तर घरी. परीक्षा आडवं पडून, रायफल पिशवीवर टेकवून व्हायची. उस्ताद शिकवायचा, मिस्त्री रायफली सांभाळायचा, आणि ज्या पिशव्यांवर रायफली टेकायच्या त्या मावशी शिवायची. तिचा नवरा होता तोवर तो समोरचे निशाणाचे फळे रंगवायचा. तो गेला तेव्हा लोक म्हणाले, आता घरी बस. मावशी म्हणाली, घरी भिंती बसल्यात तेवढ्या पुरे आहेत.

तिचे टाके बघायला लोक मुद्दाम वाकायचे. माझ्या पिशवीतून वाळूचा एक कण गळालेला जो दाखवेल, त्याच्या घरी मी जन्मभर भांडी घासेन, असं ती छातीवर हात मारून सांगायची. अजून तरी तिला कुणाच्या घरी जावं लागलं नव्हतं.

साहेब खोलीतून बाहेर आले. नवे साहेब, हळू बोलणारे. मावशीच्या मते हळू बोलणाऱ्या माणसापासून जपून राहावं. ओरडणारा निदान कुठून येतोय ते कळतं.

"मिस्त्री," साहेब म्हणाले, "उद्या सकाळी परीक्षेला माणसं येणार. त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. गोळी अडकली म्हणून कुणी नापास झालं तर मी काय उत्तर देऊ?"

"शोधतोय, साहेब."

"आठवडाभर शोधताय. आज संध्याकाळपर्यंत कारण सांगा. नाही तर रायफली उद्यापासून बाहेरच्या कारखान्यात दुरुस्तीला जातील. मग इथे मिस्त्री कशाला हवा, हे मलाही वर सांगता येणार नाही."

एवढं बोलून साहेब आत गेले. दारसुद्धा त्यांनी हळूच लावलं.

मावशीने सगळं ऐकलं होतं. तिने सुई उपसली. मुलाच्या हातात खोट असणं शक्यच नव्हतं. ते हात तिने घडवले होते. मग खोट कुणात? गोळ्यांत असेल. नव्या पेटीतल्या गोळ्या आहेत, म्हणाला होता. पण त्याच गोळ्या उभ्याने बिनबोभाट उडतात. मग उस्तादात असेल. पण काल साहेब स्वतः आडवे पडले तेव्हाही अडकली. आणि मिस्त्री आडवा पडला तेव्हा कधी अडकली, कधी नाही.

यात आणखी एक घोळ होता आणि त्याने तर सगळ्यांचं डोकं पार फिरवलं होतं. ओळीत कडेला, भिंतीलगत जी जागा होती, तिथली रायफल एकदाही अडकली नव्हती. म्हणून मिस्त्रीने तिला निर्दोष ठरवलं आणि मधल्या जागेवर आणलं. मधे आली आणि तीही अडकायला लागली. मधली बिघडलेली त्याने कडेला नेली, तर ती सुतासारखी सरळ.

"माहेरी नीट, सासरी रुसते," उस्ताद म्हणाला होता. "मिस्त्री, हे तुमचं काम नाही. एखादा मध्यस्थ बोलवा."

दुपारी सून डबा घेऊन आली. मावशीच्या शेजारी बसकण मारून तिने विचारलं, "सापडलं का काही?"

"सापडलं असतं तर मी अशी बसले असते का? वाजतगाजत घरी आले असते."

"रात्री झोपले नाहीत ते. छताकडे बघत ओठ, स्प्रिंग, खटका असं काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं ताप चढला."

"त्याच्या बापाचंही असंच होतं. एकदा लाल रंग नीट सुकेना, तर जेवताना पाण्यात बोट बुडवून ताटाशेजारी गोल काढायचा."

सून हसली. मग मनगट चोळत म्हणाली, "माझा हात अजून दुखतोय बरं का, आई. त्या पिशव्या ठासल्या त्याचा."

"कामाची सवय नाही, दुसरं काय!"

पिशव्या ठासल्याची गोष्ट अशी होती. साहेब नवे आले, पहिल्याच दिवशी ओळीवरून फिरले आणि एका पिशवीला बुटाचं टोक लावून हसत म्हणाले, "काय मावशी, पिशव्या आहेत की म्हाताऱ्या माणसाचे गाल?" सगळे हसले. उस्तादही हसला. मावशीसुद्धा हसली, पण तिच्या नाकावर कधी माशी बसली नव्हती, आणि इथे तर भर मैदानात बूट लागला होता. सुट्टीचा दिवस आला तशी तिने सुनेला सोबत घेतलं, सगळ्या पिशव्या उसवल्या आणि चाळलेली वाळू लाकडी दांड्याने ठासून ठासून भरली. सून म्हणत होती, "आई, पुरे. दगड झालाय याचा." मावशी म्हणत होती, "दगडच व्हायला हवा." शेवटी पिशव्या अशा फुगल्या की टिचकी मारली तर टणक आवाज यावा. दोरा संपला म्हणून एक तेवढी जुनीच राहिली. ती बघायलाही लाज वाटावी अशी लोंबत होती. मावशीने ती साहेबांच्या नजरेआड, पार भिंतीकडेला नेऊन ठेवली.

"ते जेवायला का येत नाहीत?" सुनेने विचारलं.

मावशीने पाहिलं. ओळीवर कुणी नव्हतं. जो तो सावलीत पांगला होता. एकटा मिस्त्री मधल्या जागेपाशी उकिडवा बसला होता. त्याने पिशवीवर पंजा ठेवला आणि दाबला. मग उठून भिंतीकडेला गेला, तिथल्या पिशवीवर पंजा ठेवला आणि दाबला. बराच वेळ तसाच बसला. मग त्याने मान वळवून पत्र्याच्या खोलीकडे पाहिलं. आईशी नजर भेटताच त्याने ती चटकन काढून घेतली.

"काय रे?" मावशीने हाक दिली.

"काही नाही," तो म्हणाला. डब्याकडे न बघता तो सरळ साहेबांच्या खोलीकडे गेला. दार उघडंच राहिलं, म्हणून आतलं बोलणं बाहेर आलं.

"साहेब, कारण सापडलं. मॅगझिन धरणारे खटके झिजलेत, त्यामुळे मॅगझिन हलतं. मी वेळेवर बघायला हवं होतं. चूक माझी आहे."

"सगळ्यांचे झिजलेत?"

"हो."

"उद्यापर्यंत बदलून होतील?"

"नाही."

 मग साहेबांचा तोच मऊ आवाज. "खरं बोललात ते बरं केलंत. पण मग आता माझाही इलाज नाही. संध्याकाळी किल्ल्या उस्तादांकडे द्या. परीक्षा पुढे ढकलतो."

मावशीला काही उमगेना. मिस्त्री बाहेर आला तशी तिने त्याची वाट अडवली.

"काल रात्री तूच म्हणालास ना, खटके नीट आहेत? आधीही हलायचं आणि तेव्हा कधी अडकलं नाही, असं म्हणालास की नाही?"

"काल नीट बघितलं नव्हतं, आई."

"तू? तू नीट बघितलं नव्हतंस? दुधावरची साय मोजणारा माणूस तू!"

"आई, जाऊ दे ना. मला काम कुठेही मिळेल." आणि तो हत्यारं आवरायला आत गेला.

सून खालच्या आवाजात म्हणाली, "खोटं बोलतायत. खोटं बोलताना आवाज असाच गोड होतो त्यांचा. घरी मला चांगला ओळखू येतो."

"कशासाठी पण? स्वतःच्या पायावर धोंडा कोण पाडून घेतं?"

"मला काय विचारता? साहेबांकडे जायच्या आधी ते कशावर पंजा दाबत होते, ते बघा."

मावशी उठली. गुडघे कुरकुरले, त्यांना तिने दम दिला. ती मधल्या जागेपाशी गेली. गोळी आत ढकलणारा बोल्ट मागे ओढलेली, रिकामी रायफल पिशवीवर टेकून पडली होती, रिकामं मॅगझिन खाली तसंच लटकत होतं. पिशवी कशी दिसत होती! ताठ, गोल, टाके मोत्यासारखे. हिच्यात काय बघत होता हा? मावशीने वरून पाहिलं, डाव्या अंगाने पाहिलं, उजव्या अंगाने पाहिलं. काही दिसेना. मग इकडेतिकडे बघत ती खाली बसली, हात टेकले आणि चटईवर पोटावर आडवी झाली.

"अरे बापरे!" उस्ताद सावलीतून धावत आला. "मावशी, चक्कर आली का? पाणी आणू?"

"चक्कर येवो माझ्या वैऱ्याला. गप्प बसा आणि मला बघू द्या."

"रायफलला हात लावू नका हं."

"नियम मला नका शिकवू. डोळे लावायलाही बंदी आहे का?"

जन्मभर तिने पिशवी मांडीवर घेतली होती, काखोटीला मारली होती, पाठीवर वाहिली होती. नेम धरणाऱ्याच्या जागेवरून ती तिने कधीच पाहिली नव्हती. आता पाहिली. इथून टाके दिसतच नव्हते. दिसत होतं ते फक्त पिशवीचं पोट. ते पुढून फुगून आलं होतं आणि मॅगझिनला असं भिडलं होतं, जणू गर्दीतला धटिंगण पुढच्या माणसाला ढोपर लावून उभा असावा. मावशीने दोघांच्या मधे करंगळी घालून पाहिली. करंगळी जाईना.

"उस्ताद, हे मॅगझिन असं चिकटतंच का?"

"चिकटू नये खरं तर." उस्तादही गुडघ्यावर आला, त्याने रायफल किंचित मागेपुढे सरकवली. पिशवीने मॅगझिनचं खालचं टोक मागे रेटलं आणि ते पडायला आलेल्या दुधाच्या दातासारखं हललं. उस्तादाचं तोंड उघडंच राहिलं. "खालून मागे रेटलं की वरची पुढची बाजू दबते. गोळीचं नाक खाली जातं. सरळ जाण्याऐवजी ती कडेला टक्कर..." तो मधेच थांबला.

"आणि उभ्याने मारलं की?"

"उभ्याने पिशवी नसतेच ना."

"आणि कडेला?"

मावशी कडेच्या जागेवर गेली ती जवळजवळ गुडघ्यांवरच. तिथली जुनी पिशवी रायफलच्या भाराने मऊसूत दबली होती, गाल आत गेल्यासारखी. मॅगझिन आणि तिच्यामधे दोन बोटं सहज गेली.

"पण आठवडाभर हे कुणाला दिसू नये?" ती म्हणाली. "तुम्ही तर दिवसभर इथे पोटावर!"

उस्तादाने मान खाजवली. "मावशी, राग मानू नका. पण तुमच्या पिशवीत खोट असेल हे मनात कोण आणणार? आणि आणलं तरी तोंडाने कोण बोलणार? रायफल उघडली, मॅगझिन उघडलं, गोळ्या तपासल्या. पिशवीकडे बघायची आमची छातीच नाही."

मावशी परत मधल्या पिशवीपाशी आली. तिच्या मनात काहीतरी उलटसुलट होत होतं आणि त्याला टोक सापडत नव्हतं. काम वाईट केलं, बिघडलं, हे तिला समजलं असतं. पण काम चांगलं केलं, आधीपेक्षा चांगलं केलं, जीव ओतून केलं, आणि त्यानेच बिघडलं! असं कसं असतं? हे कुठल्या रीतीत बसतं?

तिने कमरेची कात्री काढली. मधल्या पिशवीच्या तोंडाचे टाके, तिच्याच हातचे, एकेक करून कापले. ओंजळीने वाळू काढून चटईबाहेर टाकली, आणखी काढली, तोंड दुमडून तात्पुरता दोरा ओवला आणि पिशवी जागेवर ठेवून तिला वरून एक गुद्दा घातला. पिशवीला खळगा पडला.

"मारा," ती उस्तादाला म्हणाली.

उस्तादाने शिट्टी वाजवली, ओळ मोकळी आहे ना ते पाहिलं, मॅगझिन भरलं आणि आडवा झाला. गोळ्या एकामागून एक गेल्या. शेवटचीही गेली. बोल्ट रिकामा मागे थांबला, तरी तो तसाच पडून राहिला, पुढची कधी अडकते याची वाट बघत असल्यासारखा.

आवाजाने साहेब बाहेर आले. मिस्त्री धावत आला आणि उसवलेली पिशवी पाहून जागच्या जागी थबकला.

"आई, तू कशाला..."

"तू गप्प. तुला दुपारीच कळलं होतं ना?"

त्याने मान खाली घातली. "खटके थोडे सैल आहेतच. अगदीच खोटं नव्हतं ते."

"आणि बाकीचं?"

"मला दुसरीकडे काम मिळालं असतं, आई. तुला या पिशव्यांशिवाय..."

"माझ्या पोटी येऊन मलाच पाठीशी घालतोस?" मावशीने कात्री त्याच्याकडे रोखली. "मी काय लंगडी आहे, मला टेकण लागतं?" मग ती साहेबांकडे वळली. "साहेब, तुमच्या रायफली ठणठणीत आहेत. मिस्त्रीही ठणठणीत आहे. माझ्या पिशव्या जरा जास्तच चांगल्या झाल्या, एवढंच."

साहेबांना काही समजेना. उस्तादाने समजावलं, हाताने दाखवलं, कडेची पिशवी दाखवली. साहेब स्वतः खाली वाकले, बोट घालून पाहिलं.

"पण मावशी, इतक्या घट्ट भरायच्या हे तुम्हाला सुचलं कसं?"

"तुम्हीच नाही का म्हणालात? म्हाताऱ्याचे गाल."

"मी?" साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि मनापासून आठवून पाहिलं. "असं म्हणालो मी? कधी?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं. मावशीने त्यांच्या चेहऱ्यावर खोटेपणा शोधला. सापडला असता तर बरं झालं असतं. ज्या एका वाक्यासाठी तिने दोन मनगटं मोडेपर्यंत वाळू ठासली, ते वाक्य ज्याचं होतं त्याच्या खिशातून कधीच पडून गेलं होतं.

"असो," साहेब म्हणाले. "मिस्त्री, किल्ल्या राहू द्या तुमच्याकडे. परीक्षा उद्याच होईल. बाकीच्या पिशव्या संध्याकाळपर्यंत सैल होतील ना?"

"होतील," मावशी म्हणाली.

"छान. आणि मग पुढच्या वेळेपासून मी रबराच्या तयार पिशव्या मागवतो. कारखान्यातून येतात, सगळ्या एकसारख्या. म्हणजे हा हाताचा फरकच नको." ते हे अगदी सहज, तिचा भार हलका करावा तसं बोलले. "तुम्हालाही आता विश्रांती हवी, मावशी."

मिस्त्री पुढे झाला. मावशीने त्याच्या दंडावर हात ठेवला. तो हात इतका हलका होता की तो थांबला.

"मागवा," ती म्हणाली. "फक्त शिवण बघून घ्या. कारखान्यात शिवणारी बाई बसत नाही, यंत्र बसतं. त्याला लाज नसते."

साहेब हसले. त्यांना ती गंमत वाटली.

मग तिने ओळीतल्या सगळ्या पिशव्या खोलीपाशी आणवल्या आणि कात्री घेऊन बसली. मुलगा मदतीला वाकला, त्याला तिने हाकललं. सून जायला निघाली होती. तिला मात्र हाक मारली.

"ए, बस इथे."

सून बसली.

मावशीने पहिली पिशवी उसवली, तोंड फाकवून तिच्यापुढे सरकवली आणि दुसरीकडे बघत म्हणाली, "किती काढायची?"

सुनेने सासूकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत हा प्रश्न या घरात उलट दिशेनेच गेला होता. तिने हसू आवरलं, पिशवीत हात घातला, वाळू थोडी काढली, दाबून पाहिली, आणखी थोडी काढली.

"एवढी."

"एवढीच?"

"एवढीच, आई."

"बरं," मावशी म्हणाली आणि सुईत दोरा ओवला. टाके तिने पूर्वीसारखेच घातले, बारीक आणि जवळजवळ. पुढे रबर येणार म्हणून एकही टाका तिने लांब टाकला नाही.

ऊन उतरलं तेव्हा सगळ्या पिशव्या आपापल्या जागी मऊ होऊन बसल्या होत्या. उस्तादाने प्रत्येकीवरून एकेक मॅगझिन रिकामं केलं. खट्ट असा आवाज एकदाही आला नाही. मिस्त्रीने खोलीला कुलूप लावलं. तिघं फाटकाकडे निघाली. मुलगा दोन पावलं मागे राहून चालत होता.

फाटकाशी आल्यावर ती थांबली. सुनेच्या खांद्याला धरून तिने एक चप्पल काढली, उलटी करून तिच्यातली वाळू मैदानाच्या बाजूला झाडली. मग दुसरी झाडली. पदर उलगडून तोही झटकला, बाह्या झटकल्या, नखांतली वाळू कात्रीच्या टोकाने काढली. मैदानाचं जे होतं ते मैदानात पडलं, याची खात्री करून घेतल्यावर तिने चपला पायात सरकवल्या आणि फाटकाबाहेर पाऊल टाकलं.